न विझणारा स्टोव्ह

आमच्या कासारवाडीच्या चाळीत यंत्रातलं काही कळत नाही असा एकही पुरुष नव्हता, आणि हीच आमची आपत्ती होती. कोणी फिटर, कोणी टर्नर, कोणी कंपनीत तपासनीस. आठवडाभर कंपनीची यंत्रं हाताळूनही या लोकांचं पोट भरायचं नाही. गुरुवारी सुट्टी असली की घरातलं जे काही फिरतं किंवा पेटतं, ते वर्तमानपत्रावर सुटं होऊन पडायचं.

आमच्या घरात पेटणारं एकच होतं, माझा पितळी पंपाचा स्टोव्ह. गॅससाठी नाव नोंदवलं होतं, पण नंबर कधी लागेल ते देवालाच ठाऊक. स्टोव्हच्या पंपात चामड्याचं वॉशर असतं. ते सुकलं की दांडा नुसता खालीवर होतो, हवा भरत नाही. मग आम्ही बायका दांडा बाहेर काढून वॉशरला खोबरेलाचं बोट लावायचो, चामडं जरा पसरवायचो आणि भात टाकायला मोकळ्या व्हायचो. आमच्या ह्यांना ते पटायचं नाही. हे कंपनीत मेन्टेनन्सला होते. "चामडं म्हणजे बैलगाडीचा जमाना," असं म्हणून ह्यांनी एकदा रबराचं वॉशर कापून बसवलं. रॉकेलमध्ये ते असं फुगलं की दांडा अर्ध्यावर अडकला, आणि जोर लावून ओढला तेव्हा दांडा एकीकडे गेला, हे दुसरीकडे. मी सायकलवरून हाळी देत येणाऱ्या स्टोव्हवाल्याकडून पुन्हा चामड्याचंच वॉशर घेतलं, तेही बोटांनी वाकवून, मऊ आहे ना ते बघून.

पंपाच्या बुडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. हवा आत जाऊ द्यायची आणि रॉकेल उलटं पंपात येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो ह्यांनी शेजारच्या टर्नरकडून लेथवर नवा करून घेतला. तो खरंच चांगला निघाला, हे सांगायलाच हवं. पुढचं सगळं रामायण त्या चांगुलपणातूनच घडलं.

त्या गुरुवारी माझे वडील, आबा, जेवायला येणार होते. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मला मूल व्हायला सहा वर्षं लागली. तेवढी वर्षं आबा कुरुळीहून एसटीनं नाशिक फाट्यावर उतरायचे, खांद्यावर शेंगांचं गाठोडं घेऊन चालत यायचे, दारात टेकून घाम पुसायचे आणि पाण्याच्या तांब्याकडे न बघता परत जायचे. त्यांना तहान लागलेली मला दिसायची. मी आत तांब्या धरून उभी असायची आणि मला त्या रीतीचा, त्यांचा, माझ्या स्वतःचा, सगळ्यांचाच संताप यायचा. आता लेक पाच महिन्यांची झाली होती. आबा पहिल्यांदा माझ्या हातचं खाणार होते. "जेवलो का निघणार, सांच्याला धार काढायची हाय," असा निरोप त्यांनी आधीच धाडला होता. मला तेवढंही पुष्कळ होतं. पुरणासाठी डाळ शेजारणीकडून शिजवून आणून मी पुरण वाटून ठेवलं.

शेजारणीकडून का? कारण सकाळपासून माझा स्टोव्ह वर्तमानपत्रावर होता. ह्यांच्या कानाला झाकणापाशी बारीक फुसफुस ऐकू आली होती. टर्नर आला, तपासनीस आला. साबणाचा फेस लावून गळती शोधण्यात आली. मी लेकीला न्हाऊ घालून परत येते तो तिघं स्टोव्ह मधोमध ठेवून पूजेला बसल्यासारखे बसलेले.

"वहिनी, झीरो लीकेज!" तपासनीस म्हणाला.

तेवढ्यात दारात आबा. मी स्टोव्हकडे नीट बघितलंच नाही. ह्यांनी बर्नर तापवायला पेटता काकडा लावला, मनसोक्त पंप मारला, आणि असा निळा जाळ निघाला, असा घुमला, की पाळण्यातली लेकसुद्धा मान वळवून बघायला लागली.

भात, आमटी झाली. पोळीला मंद आच हवी म्हणून थोडी हवा सोडायला मी झाकणावरच्या स्क्रूकडे हात नेला. स्क्रू फिरेना.

"हवा सोडायचा स्क्रू फिरत का नाही?"

"तिथूनच तर लीकेज होतं," हे अभिमानानं म्हणाले. "कथील ओतून झाळून टाकला. झाकणसुद्धा सफेदा लावून पान्यानं आवळलंय. आता बापजन्मात गळणार नाही."

"आणि विझवायचा कशानं?"

पंपाच्या वाटेनं हवा निसटावी, तर तो नवा व्हॉल्व्ह तीही सोडत नव्हता. तिघांनीही आयुष्यात डझनभर स्टोव्ह खोलले असतील, पेटवले असतील. विझवला एकानंही नव्हता. ते काम बायकांचं. हवा सोडली की स्टोव्ह विझतो, हे त्यांच्यापैकी कोणी कधी बघितलंच नव्हतं.

मग सूचना सुरू झाल्या. तपासनीस म्हणाला, वाळूची बादली ओता, कंपनीत तसंच शिकवतात. मी लाटणं उगारलं. टर्नर पाना घेऊन झाकणाकडे सरकला, तर आबा गरजले, "हात लावू नगा! त्वांड भाजून घ्याल!" शेवटी असं ठरलं की पोळ्या तर होऊ द्याव्यात. पण पहिली पोळी टाकली ती कोळसाच झाली. मग ह्यांनी आणि टर्नरनं दोन बाजूंनी दोन सांडशा लावून तवा जाळापासून वीतभर उंच धरला, तपासनीस वाकून "उजवीकडून खाली, राव, थोडं खाली" असं सांगत राहिला, आणि त्या अधांतरी तव्यावर मी माझ्या बापासाठी पुरणपोळ्या भाजल्या.

आबा जेवले. तूप ओढून घेऊन जेवले. मधेच तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायले आणि तांब्या खाली ठेवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "ग्वाड हाय पानी." ते नळाचं पाणी होतं. मी पदरानं डोळे पुसले आणि धुराचं नाव सांगितलं. त्या जाळाला धूर अजिबात नव्हता.

हात धुऊन आबांनी टोपी घातली. मग स्टोव्हकडे बघितलं. तो आपला घुमतच होता.

"इस्तू असा पेटता ठिऊन, घरात तान्हं पोर असताना, बापानं कसं उठायचं?" असं म्हणून त्यांनी टोपी काढली.

नुसता जाळ वाया घालवणं आबांना बघवेना. आधी चहा झाला. मग पुन्हा चहा झाला. मग त्यांनी स्वतः आणलेल्या शेंगा भाजायला घेतल्या. चाळीत बातमी पसरली तशी कोणी दूध तापवायला आणलं, कोणी अंघोळीचं पाणी, कोणी नुसतंच बघायला आलं. आबा स्टोव्हपाशी बसून पातेल्यांची पाळी लावत होते, "तुमी मागनं आलाय बाई, थांबा," म्हणून दरडावत होते. लेक त्यांच्या मांडीवर झोपली. एसटीमागून एसटी गेली. शेवटी आबा माझ्या सतरंजीवर आडवे झाले आणि घोरायला लागले. ज्या घराचा उंबरा त्यांनी सहा वर्षं ओलांडला नव्हता, त्या घरात ते घोरत होते, आणि ते घोरणं ऐकू येऊ नये इतका माझा स्टोव्ह घुमत होता. मला दोन्ही आवाज हवे होते.

ऊन कलल्यावर जाळ पिवळा झाला, फडफडला, आणि रॉकेल संपून स्टोव्ह गप्प झाला. त्या शांततेनंच आबांना जाग आली.

"थांबला व्हय?" ते म्हणाले.

त्यांनी टोपी घातली, नातीच्या हातात नाणं ठेवलं, आणखी एकदा पाणी मागून घेतलं. हे ओशाळून दारापर्यंत गेले. "मामा, तुमची धार चुकली. उद्याच तो स्क्रू कापून मोकळा करतो, पुढच्या वेळी असं होणार नाही."

आबांनी चपला पायात सरकवल्या आणि एकदा उंबऱ्याकडे बघितलं.

"नगा, पाव्हणं," ते म्हणाले. "म्या येईन तवा त्यो इस्क्रू बंदच असू द्या."