कबड्डीपायी दिलेली मिशी

चहा जरा निवू द्या, म्हणजे मध्येच ठसका लागायला नको. चुका काय, सगळ्यांच्याच हातून होतात हो! पण जित्याजागत्या बापाला भर मैदानात श्रद्धांजली वाहायला लावलेला माणूस पाहिलाय कधी? बघून घ्या. तुमच्यासमोर बसलाय.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. उंब्रजला माझं सायकलचं दुकान होतं आणि गावच्या कबड्डी संघाचं मला वेड होतं. दिवाळी झाली की सामने सुरू व्हायचे, ते थेट जत्रांपर्यंत. पण त्या वर्षी सुरुवातच अशी झाली की विचारू नका! मसूरला हरलो. कऱ्हाडला हरलो. घरच्या मैदानात हरलो, तेही नारळ आम्हीच फोडलेला असताना!

कारण उघड होतं. आमचा हुकमी चढाईवाला फौजेत भरती झाला होता. त्याच्या जागी आला दगडू. अंगानं पैलवान, पण काळीज सशाचं. दम घेऊन पलीकडे जायचा, हात लांब करायचा आणि कुणाला बोट न लावता कोरडाच परत यायचा. पाव्हण्याकडं जाऊन पाणीसुद्धा न पिता यावं तसा!

हळूहळू गाव फिरकायचं बंद झालं. मैदानाच्या कडेला उरलो दोघंच, मी आणि माझे वडील, आबा.

आबा म्हणजे पांडबा, जुन्या काळातले हुतूतूचे नावाजलेले गडी. आता गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. मी कपाळावर हात मारून घेतला की म्हणायचे, "गप रं! लागण करून म्हैना झाला न्हाई, आन उसाला साखर मागतुयास व्हय?"

मला पटायचं. पण मला त्या पोरांची माया लागली होती हो. दिवसभर रानात राबायची, संध्याकाळी माती अंगाला लावून खेळायची आणि हरली की माझ्या दुकानासमोरून खाली मान घालून जायची. ते मला बघवायचं नाही. आता वाटतं, जिंकणाऱ्यावर तर अख्खं गाव जीव टाकतं. हरणाऱ्यांना कुणीतरी घरचं माणूस लागतं.

तर एक दिवस मारुतीसमोर उभा राहिलो आणि भरात बोलून गेलो, "बाबा, एक सामना जिंकून दे. डोकीवरचे केस तुझे. मिशीपण तुझी!"

मिशी म्हणजे माझा जीव की प्राण. लग्न जमलं ते तिच्याच बळावर, असं माझं मत होतं. आणि काय सांगू, पुढच्याच सामन्यात आम्ही जिंकलो! निसटता का होईना, जिंकलो. आता मारुतीशी बेइमानी कशी करायची?

गेलो आमच्या न्हाव्याकडं. त्यानं वस्तराच खाली ठेवला. "आवं दादा, आबा चांगलं जित्तं हायती, आन मी तुमची मिशी काडू? बाप गेल्याबगार आपल्यात मिशी काडत्यात व्हय? माज्या हातनं न्हाई व्हायचं!"

शहाणा माणूस होता. पण मला शहाणपण मानवतंय कुठं? मी गेलो कऱ्हाडला, नदीच्या घाटावर. तिथल्या न्हाव्यानं एक शब्द विचारला नाही. डोकं, मिशी, सगळं साफ. वर माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, किती मायाळू माणूस!

तिथूनच एस.टी.नं कुंडल गाठलं, कारण त्या दिवशी पुढचा सामना कुंडलला होता. तिथल्या मातीची सवय व्हावी म्हणून आमची पोरं दोन-तीन दिवस आधीच जाऊन देवळात उतरली होती. डोक्याला टोपी घालून मी मैदानावर पाऊल टाकलं, तर समोर गणपतनाना.

नाना म्हणजे कुंडलचे जुने गडी आणि आबांचे हाडवैरी. तरुणपणी एका सामन्यात आबांनी त्यांना शिवलं, असं आबा म्हणायचे. शिवलंच नाही, असं नाना म्हणायचे. तेव्हापासून दोघांनी बोलणं टाकलं होतं.

नानांनी माझ्या ओठाकडं पाहिलं. जवळ आले. हळूच टोपी उचलली. आणि एकदम माझ्या गळ्यातच पडले!

"पांडबा गेला व्हय रं! आन मला सांगाया बी आला न्हाईस?"

"न्हाई वो नाना, तसं न्हाई…"

"बोलू नगंस लेकरा. बोलू नगंस." आणि ढसाढसा रडायला लागले. पांढऱ्या मिशांचा एवढा थोरला माणूस खांद्यावर रडतोय आणि त्याला सांगायचं काय? की हे कबड्डीसाठी केलंय?

तोवर आमची पोरं धावत आली. दगडू माझं डोकं बघून मटकन खालीच बसला. आबांनी त्याला कधी एका शब्दानं टोचलं नव्हतं. मी खरं सांगायला तोंड उघडतोय, तोच कर्ण्यावरून आवाज आला, "उंब्रजचे नामवंत खेळाडू कैलासवासी पांडबा यांना समद्यांनी उभं ऱ्हाऊन श्रद्धांजली वाहायची हाय!"

अख्खं मैदान उभं! तेवढ्या शांततेत "माझा बाप घरी भाकरी खातोय" असं ओरडायची छाती कुणाची झाली असती? तुमची झाली असती?

सामना सुरू झाला. पहिली चढाई दगडूची. डोळ्यांतनं पाणी, तोंडात कबड्डी कबड्डी. मी ठरवलं, आता उठायचं आणि सांगून टाकायचं. तेवढ्यात त्यानं दोन गडी मारले! मी परत बसलो. म्हटलं, पुढच्या चढाईनंतर सांगू. पुढच्या चढाईत आणखी एक! आमची पोरं त्या दिवशी अशी खेळत होती की बास. निम्मा वेळ झाला तेव्हा आम्ही पुढं होतो. सांगा, अशा वेळी बाप जिवंत करायचा कसा?

मध्यंतरात नाना कर्ण्यापाशी गेले. कर्णा हातात घेतला. म्हणाले, "मंडळी, आज खरं बोलतो. त्या म्याचला मी बाद हुतो. पांडबाचा हात माज्या टाचंला लागला हुता. गर्वापायी कबूल केलं न्हाई. आता कुनाला सांगू? ऐकणारा गेला!"

बायकांत कुणीतरी हुंदका दिला. आणि तेवढ्यात गर्दीतून खणखणीत आवाज आला,

"मी म्हनत न्हवतो व्हय!"

आबा! घरी चैन पडेना म्हणून दुखऱ्या गुडघ्यानिशी मागच्या एस.टी.नं आलेले! गर्दीत उभे राहून त्यांनी शेजाऱ्याला विचारलं होतं, "कोन गेलं गा?" तो म्हणाला, "उंब्रजचा पांडबा. लय चांगला मानूस." म्हटल्यावर आबा मुंडासं तोंडावर ओढून आपली स्तुती ऐकत गुपचूप उभे!

नानांच्या हातातला कर्णा सुटला. लटपटत आले, आबांना चाचपून बघितलं, दंड दाबला आणि म्हणाले, "जित्ता हायस की रं मुडद्या!" आणि मिठी मारली. दोघं म्हातारे हसताहेत की रडताहेत कळत नव्हतं. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

मग मात्र सगळी मुंडकी माझ्या टकलाकडं वळली. नवसाची गोष्ट सांगावीच लागली. मैदान असं हसलं, असं हसलं, की पंचांना शिट्टी वाजवता येईना.

दुसरा डाव सुरू झाला. दगडू ऐटीत चढाईला गेला. कबड्डी कबड्डी करता करता नजर माझ्याकडं गेली, खुदकन हसला, आणि दम तुटला. बाद! पुढच्या वेळी तेच. मी टोपी घातली तर मिशीची जागा बघून हसला! जिंकलेला सामना आम्ही हरलो.

परतताना ट्रकमध्ये आबा खुशीत होते. नानांनी त्यांना जेवायला ठेवून घ्यायचा हट्ट केला होता, मोठ्या मुश्किलीनं सोडलं होतं. मी मात्र कोपऱ्यात चोरासारखा बसलेला. शेवटी धीर करून म्हणालो, "पोरांनो, आता तासगावच्या सामन्याचं कसं?"

आमचा कप्तान विचारात पडला. "आबा गेल्याचं आयकलं तवा गडी जीव तोडून खेळलं. पर आबांचं आता कोन खरं धरनार? तवा दादा, तुमी रागावनार नसला तर… तासगावात तुमी गेल्याचं सांगितलं तर?"

खरं सांगू? मला बरं वाटलं! म्हटलं, आपल्या जाण्यानं का होईना, पोरं जिंकतील. मी मान हलवणार, इतक्यात दगडू हात जोडून म्हणाला,

"नगं गड्या! दादा गेलं म्हनल्यावर मला न्हाई रडू याचं. हासूच येनार, आन पुन्यांदा दम तुटनार!"