पत्ता नसलेले सहा

सगळं इस्पितळ तिला धराबाई म्हणतं. नाव पाडलं पेशंटांनी. एक्स-रेच्या खोलीतून तिचा आवाज येतो, "श्वास घ्या... धरा... हं, सोडा." त्यातला 'धरा' असा ठसक्यात येतो की बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली माणसंही श्वास धरून बसतात. नव्या नर्सेसना तर तिचं खरं नाव ठाऊकच नाही.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याला लागून, दोन खोल्या आणि एक बोळ. एवढीच तिची शाळा. दोन वर्षांचा रेडिओग्राफीचा कोर्स, जागा सोळा, फी वर्षाला बेचाळीस हजार. गावाबाहेर काचेची इमारत बांधून बसलेल्या कॉलेजात हाच कोर्स लाख-चाळीस हजाराला पडतो. कुणी त्या कॉलेजचं नाव काढलं की बाई म्हणते, "तिथे पोरं वर्षभर मशीनचं चित्र बघतात. माझी पोरं तिसऱ्या आठवड्यात पेशंटचा मोडका हात हातात घेतात. आता कुठे पैसे घालायचे ते तुम्ही ठरवा."

बाई पंचावन्नची. अंगानं काटक, चालणं तरातरा, बोलणं त्याहून तरातरा. शाळेतून आजवर एकवीस बॅचेस पास होऊन गेल्या, आणि या सगळ्या वर्षांत कुणापुढे मान खाली घालायची वेळ तिच्यावर आली नव्हती. या वर्षी मात्र मंगळवारी सकाळी कोर्सला मान्यता देणाऱ्या परिषदेचं पत्र आलं.

पत्र तिच्यापुढे ठेवलं बेरीजरावांनी. बेरीजराव म्हणजे शाळेचे कारकून. सतरा वर्षं एकाच खुर्चीत. उभ्या-आडव्या कुठल्याही आकड्यांची बेरीज केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून हे नाव.

"बाई, फी किती, प्रवेश किती, हे दोन रकाने मी भरलेत," ते म्हणाले. "तिसऱ्याला मात्र आपली गाडी अडलीय."

तिसरा रकाना असा: गेल्या पाच बॅचेसमधून पास झालेल्यांपैकी किती जणांना वर्षाच्या आत याच कामाची नोकरी लागली? चारात तीन तरी हवेत. त्याहून कमी निघाले तर नवे प्रवेश बंद. ज्यांचा पत्ता लागत नाही ते बेकार धरले जातील. उत्तर शुक्रवारी पाचच्या आत.

"आपले पास किती?"

"चव्वेचाळीस. म्हणजे तेहतीस हवेत. कामावर आहेत हे आपल्याला पक्कं माहीत असलेले एकतीस. सात जणांनी दुसरीच वाट धरलीय. आणि सहा..." बेरीजरावांनी दोन्ही हात उघडे करून दाखवले.

"सहा काय?"

"पत्ताच नाही."

बाईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. या वर्षी अर्ज आले होते नऊ. ती नऊ पोरं बाहेरच्या बोळात रोज डोकावून जायची, प्रवेश पक्का झाला का म्हणून. दार बंद झालं तर शाळा पुढच्या वर्षी उघडणार नव्हती. दोन खोल्यांवर धोबीखान्याचा डोळा आधीपासून होताच.

"फोन लावा सगळ्यांना," ती म्हणाली. "थांबा. मीच लावते."

पहिला नंबर तिनं स्वतःच्या मोबाइलवरून लावला. घंटी वाजू लागली. तशीच दुसरी एक घंटी शेजारच्या टेबलावर वाजू लागली. बेरीजरावांनी सवयीनं रिसीव्हर उचलला.

"हॅलो, रेडिओग्राफी शाळा. बोला."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. बेरीजराव तिच्याकडे.

"ठेवा खाली," ती म्हणाली.

"अहो, पण कुणाचा तरी फोन..."

"माझा आहे! दीड हातावरून!"

झालं होतं असं की शेवटच्या सहा महिन्यांत पोरं दिवसभर इस्पितळातच प्रॅक्टिसला असायची. सरकारी फॉर्ममध्ये 'जिथे संपर्क होईल तो नंबर' असा रकाना. बेरीजरावांनी प्रामाणिकपणे जिथे संपर्क होत होता तोच नंबर घातला. शाळेचा. चार जणांच्या फॉर्मवर.

"बेरीजराव, सतरा वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदाच वजाबाकी करून दाखवलीत."

"तेव्हा बरोबर होतं हो, बाई," ते पुटपुटले. त्यांचे कान लालभडक झाले होते.

उरलेले दोन नंबर भलत्याच लोकांकडे गेले. एका बाईनं तर धराबाईलाच दरडावलं, "पुन्हा फोन करशील तर बघ!"

संध्याकाळी घरी तिनं नवऱ्यापुढे सगळं ओतलं. नवरा शिंपी. पुढच्या खोलीतच त्याचं मशीन. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या, आणि त्या टाचण्यांच्या आडूनच तो बोलतो.

"इस्पितळाची वही नाही? कुठे गेली ती पोरं ते लिहिलेलं?"

"पास झाली की उडाली. मी कधी मागे लागले नाही. वाटलं, शिकवलंय चांगलं, खातील कमवून."

"मग खात असतील."

"तुमच्या म्हणण्यावर परिषद सही करणार आहे का?"

नवऱ्यानं टाचण्या काढून उशीत खोचल्या. "हे बघ, मी शिवलेली पॅन्ट कुणाच्या अंगावर आहे ते मला रस्त्याच्या पलीकडून कळतं. खिशाचा टाका बघितला की बास. गिऱ्हाईकाचं नाव विसरतो मी, पण टाका नाही विसरत. तुझ्या पोरांच्या हाताला असं काही नाही?"

बाई हातातला पेला तसाच ठेवून उभी राहिली.

"आहे की!" ती म्हणाली. "शिसं!"

ते असं. बाई तेवीस वर्षांची असताना नव्यानंच कामाला लागलेली. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याचा फोटो काढला आणि डावं-उजवं नंतर पेननं लिहिलं. लिहिलं ते उलटं. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात म्हातारा ओरडला, "अहो, हा नाही, दुसरा!" म्हणून निभावलं. मोठे डॉक्टर तिला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, फोटोत पाय दिसतो, तो कुठला ते दिसत नाही." ती तीन रात्री झोपली नव्हती. पुढे शाळा काढल्यावर पहिला नियम केला: प्रत्येक पोराला आल्या दिवशी शिशाची दोन अक्षरं द्यायची, उजव्याला आर, डाव्याला एल. खाली बॅचचा आणि त्या पोराचा नंबर ओतलेला. फोटो काढायच्या आधी ते अक्षर पेशंटच्या शेजारी ठेवायचं. शिशातून किरण जात नाहीत, त्यामुळे फोटोतच पांढरं शुभ्र अक्षर उमटतं, नंबरासकट. आता कॉम्प्युटर आले, बहुतेक जण फोटो निघाल्यावर अक्षर टाइप करतात. बाईची पोरं करत नाहीत. पास झाली तरी ती अक्षरं त्यांच्याकडेच राहतात.

म्हणजे जो कुणी हरवलाय, तो कुठेतरी फोटो काढत असला, तर त्या फोटोवर त्याचा नंबर असणार.

बुधवारी सकाळी बाई हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. तिथे एक लोखंडी कपाट होतं. बाहेरगावाहून येणारे पेशंट आपले जुने एक्स-रे दाखवायला आणतात आणि निम्मे तिथेच विसरून जातात. ते सगळे त्या कपाटात.

"डॉक्टर, दोन दिवस कपाट द्या. पेशंटचं नाव मी बघणार नाही. फक्त कोपरा बघणार."

"न्या हो, धराबाई. जाताना झुरळंही न्या."

तीनशेहून जास्त फिल्म होत्या. बाई एकेक काढून उजेडाच्या पेटीवर लावायची, बेरीजराव आकडा लिहायचे. पहिल्या दिवशी सापडले ते सगळे आधीच मोजलेले. तरी बाई खुलली. "हे बघा, ही अठराची तीन! काय सुरेख कोपर बसवलंय! बघा तरी!" बेरीजरावांना कोपरात काय सुरेख असतं ते कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. कालच्यानंतर त्यांना मान डोलावणंच बरं वाटत होतं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला एका खांद्याच्या फोटोच्या कोपऱ्यात एल, आणि खाली १९-७.

"एकोणीस-सात!" बेरीजराव यादी न बघताच ओरडले. "पत्ता नसलेल्यातला!"

पाकिटावर दवाखान्याचं नाव होतं, नंबरही. बाईनं फोन लावला. पलीकडून आवाज आला, "एक्स-रे विभाग."

"अक्षर तिरकं का रे ठेवलंस?"

मग एकदम, "बाई?!"

"खांद्याच्या इतक्या जवळ ठेवतात? हाडावर आलं असतं म्हणजे?"

"बाई, पेशंट हलत होता हो... पण तुम्हाला कसं..."

"ते राहू दे. तिथे कधीपासून आहेस?"

"पास झाल्यावर तिसऱ्या महिन्यापासून. पत्र पाठवू का मालकांचं?"

"आजच्या आज पाठव. आणि तुझ्या बॅचची दोन नंबरची कुठे आहे?"

तीही पत्ता नसलेल्यातलीच, पण ती कुठे आहे ते त्याला माहीत होतं. शहरातल्या एका स्कॅन सेंटरमध्ये. बेरीजराव खुर्चीतून अर्धे उठले, कारण ही झाली असती तेहतिसावी. बाईनं तिलाही फोन केला.

"बाई, मी काउंटरवर आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पावत्या फाडते. मशीनवर घेतो म्हणाले होते, अजून घेतलं नाही."

"तिथलं मशीन कुठलं आहे?" बाईनं विचारलं, आणि मग दहा मिनिटं त्या मशीनबद्दलच बोलत राहिली. शेवटी म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी इथे ये. हात गंजू द्यायचा नाही. मी तुझ्यासाठी शब्द टाकते."

फोन ठेवल्यावर बेरीजराव हळूच म्हणाले, "बाई, एक्स-रेच्याच जागेत आहे ना ती. धरून टाकू या. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"एकानं शाळा जाईल हो!"

"जाईल तर जाईल. पावती फाडणारीला मी फोटो काढणारी म्हटलं, तर तो पुन्हा म्हाताऱ्याचा दुसराच गुडघा झाला. कपाटात किती राहिल्यात?"

"चाळीसेक."

"मग रडता कशाला? काढा."

चाळीसातली बाविसावी फिल्म एका लहान मुलाच्या मनगटाची होती. अक्षर सरळ, स्वच्छ, नखभर अंतर सोडून ठेवलेलं. २१-५. फोन लावला, तर ती पोरगी तिथे नोकरीला लागून दहा महिने झालेली. उलट ती बाईवरच रुसली. "दोनदा फोन केला मी शाळेत, नोकरी लागल्याचं सांगायला. कुणीतरी म्हणालं, बाई फोटो काढतायत, नंतर करा."

बाईनं बेरीजरावांकडे पाहिलं. बेरीजरावांनी यादीत डोकं घातलं.

उरलेले तिघे सापडले नाहीत. कपाट रिकामं झालं. शुक्रवारी साडेतीनला बाई स्वतः परिषदेच्या कचेरीत गेली. तपासनीस जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं पत्रं बघितली, यादी बघितली, मध्येच तीन ठिकाणी फोन करून खात्री केली.

"तेहतीस," तो म्हणाला. "एक कमी असता तर मी हा कागद घेतला नसता."

"एक जास्तही होता. मी काढला."

"का?"

बाईनं सांगितलं. तपासनिसानं ऐकून घेतलं, सही केली, आणि शिक्का इतक्या जोरात मारला की टेबलावरचा पेला हलला.

सोमवारी बोळातल्या फळ्यावर बाईनं स्वतःच्या हातानं लिहिलं: फी बेचाळीस हजार. पास चव्वेचाळीस. कामावर तेहतीस. इतर आठ. पत्ता नाही तीन.

"शेवटच्या दोन ओळी कशाला?" बेरीजराव कळवळले. "पोरं पळतील."

दुपारी एक बाप मुलीला घेऊन आला. ट्रक चालवणारा. हाताला वंगणाचा वास. फळ्यापुढे तो बराच वेळ उभा राहिला आणि बोटानं ओळी वाचत राहिला. मग आत आला.

"बाई, या अकरांचं काय झालं?"

"बसा," बाई म्हणाली, आणि एकेकाचं सांगत गेली. एकानं वडिलांचं दुकान घेतलं. तिघांनी दुसराच कोर्स धरला. एकीला उभं राहून पाठ सोसेना. दोघांना रक्त बघवेना, हे त्यांना दोन वर्षांनी कळलं. एक काउंटरवर आहे, तिच्यासाठी खटपट चालू आहे. तिघांचं मला माहीत नाही, ती चूक आमची.

बापानं सगळं ऐकलं. "काचेच्या कॉलेजात गेलो होतो. ते म्हणाले शंभर टक्के नोकरी."

"मग तिकडे का नाही घातलंत?"

"शंभर टक्के म्हटल्यावर पुढे काय विचारायचं तेच सुचेना." तो मुलीकडे वळला. "तुला रक्त बघवतं का गं?"

"बघवतं," मुलगी म्हणाली. "पाठही चांगली आहे."

बाई हसली. बेरीजरावांनी खणातून अर्ज काढला, वर दहा आकडा घातला, आणि संपर्काच्या रकान्यापाशी येऊन पेन थांबवलं.

"घरचा नंबर सांगा," ते म्हणाले. "आणि मामाचा. आणि शेजाऱ्यांचाही."