जपून ठेवलेलं ग्राफिक्स कार्ड

कम्प्युटरची डिस्क भरली की जुन्या फाइली उडवता येतात. डोक्यात साचलेले किस्से कुठं उडवता, सांगा! पंडरीतल्या आमच्या लग्न-व्हिडिओच्या स्टुडिओत मी नऊ वर्षांपासून एडिटिंग करून राहिले. त्यातला एका कार्डाचा मामला ऐकाच.

*

आमचे मालक भोजराजभाऊ. त्यांच्या घरच्या सोफ्याचं प्लास्टिक अजून निघालं नाही. त्याच माणसानं व्हिडिओचं काम झपाट्यानं व्हावं म्हणून महागाचं ग्राफिक्स कार्ड आणलं, हार घातला, पेढे वाटले.

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशनवर टिक केली की कार्ड कामाला लागते. मी माऊस नेला, तर भाऊ ओरडले, "हात नको लावू! नवीन आहे, घासलं जाईन!"

"मग आणलं काहून?"

"मोठ्या पार्टीचं लग्न आलं की काढू."

म्हणजे कार्ड मशीनमध्ये नुसतं बसलेलं, आणि सगळा भार बिचाऱ्या प्रोसेसरवर. दीड तासाच्या फिल्मला सहा तास!

*

एकदा मशीन हँग झाली म्हणून टेक्निशियन बोलावला. तो स्क्रीनकडं बघतच राहिला. "भैया, आपका कार्ड तो जीरो परसेंट चल रहा है!"

भाऊंची छाती फुगली. "हव! तीन साल हो गया. एक टक्का भी नहीं घिसा!"

पोट्टा फी न घेताच निघून गेला.

*

मग आले मेश्रामकाका, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. थोरल्या मुलीच्या लग्नाची फिल्म आमच्याकडं. धाकटीला बघायला रविवारी बारा वाजता पाहुणे येणार होते, आणि काकूंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की फिल्म दाखवू. काकांना ताकीद होती, "व्हिडिओ नाही आणला तर तुमी पण येऊ नका!"

काका रोज डबा घेऊन माझ्या बाजूला बसत. कार्ड बंद, त्यामुळं एडिट करताना चित्र झटके खात चाले. पांढऱ्या कपड्यातला नवरदेव हार घालायला गेला, तर हात थरथर, थरथर!

काका घाबरले. तिथूनच नागपूरला फोन लावला. "जावईबापू, डॉक्टरले दाखवलं काय? लपवू नका!"

जावईबापू बिचारे दुसऱ्या दिवशी खरंच बीपी तपासून आले.

*

फायनल फिल्म तयार करायला रेंडर लावला की काका घड्याळ काढून वाढत्या टक्क्यांची स्टेशनं मोजत. "दुर्ग सोडलं... राजनांदगाव... डोंगरगड." ब्याण्णव टक्क्यांवर मशीन बंद पडली.

"आउटर सिग्नलले गाडी उभी केली बापा!" काकांनी कपाळावर हात मारला.

असं तीनदा झालं. शनिवारी काका डब्याला हातही न लावता गेले. मला खरंच वाईट वाटलं. भाऊंचा तर असा राग आला होता की काय सांगू!

*

रविवारी भाऊ शूटिंगला अभनपूरला गेले. दहाला काका हजर. दोन तासांत सहा तासांचं काम कसं व्हायचं? मी दार लोटलं आणि ती टिक केली.

पंखा फिरला. वीस मिनिटांत फिल्म तयार!

मी खुशीत पेन ड्राइव्ह पुढं केला. काका हातच लावेनात.

"बेटा, एवढ्या लवकर कशी पोचली? मधली स्टेशनं गाळली काय?"

"काका, सगळं आहे त्यात!"

"मी गार्ड होतो. तपासल्याबिगर झेंडी नाही दाखवत."

आणि बसले की हो पूर्ण फिल्म बघत! बारा वाजायच्या आतच काकूंचा फोन आला, "पाहुणे आले, तुमी कुठं?"

"हळद झाली. बुद्धवंदना बाकी आहे. त्यायलेच इकडं पाठव!"

अर्ध्या तासात पाहुणे, काकू, धाकटी, पोह्यांचं पातेलं, सगळे स्टुडिओत! सुरुवातीपासून पुन्हा फिल्म लावली. बघायला आलेला मुलगा सज्जन, झटका न देता हसत होता. पोट्टी लाजली. लग्न तिथंच पक्कं झालं.

तेवढ्यात भाऊ परतले. स्क्रीनवरच्या नोंदीत कार्ड पंचाण्णव टक्के चाललेलं! त्यांचा चेहराच उतरला. माझी नोकरी गेली असं मी समजून चुकले.

काकांनी भाऊंचे दोन्ही हात धरले. "भाऊ, धाकटीचं शूटिंगही तुमीच करजा. पण तिच्या टायमाले ते टिक काढून ठेवा. घरातलं शेवटचं लग्न आहे, घाई नको. सहा तास लागते तर लागू द्या. डबा मी आणतो!"