अक्षयच्या हातातली बादली

मंडळी, दुपारपासून मलाच माझी लाज वाटतेय, म्हणून लिहितोय.

आज कळंबला आमच्या घरी नातीचा साखरपुडा झाला. आमच्या गल्लीत पंगतीला वाढायचं काम तरण्या पोरांचं. बादल्या घेऊन चाललेली त्यांची धावपळ बघत मी शाळेतल्या कविता गुणगुणत बसलो होतो.

तेवढ्यात शेजारचा अक्षय आला. चोवीस वर्षांचा पोरगा. कॅन्सरच्या उपचारानं केस गेलेत, म्हणून डोक्यावर टोपी. त्यानं वरणाची बादली उचलली.

"सांडलंस तर तूच पुसायचं बरं का!" एक दोस्त ओरडला. अक्षय कित्येक महिन्यांनी खळखळून हसला.

मी उठलो आणि त्याच्या हातातली बादली काढून घेतली. "बाळा, तू आराम कर." पंख्याखाली खुर्ची दिली. वर धीराची एक कविताही म्हणून दाखवली.

त्यानं ती शेवटपर्यंत ऐकली. मग हळूच म्हणाला, "आबा, डॉक्टर म्हणलेत हिंड-फिर. वर्षभर बसूनच हाय मी. का माझ्या हातचं कुणी खाणार न्हाय?"

"तसं न्हाय रं," मी म्हणालो. पण तसंच होतं. पाहुणे त्याच्या टोपीकडं बघत होते आणि अवघडलो होतो मी.

तो न जेवताच गेला.

उद्या घरी सत्यनारायण आहे. सकाळी त्याच्या दारात जाऊन "वाढायला चल" एवढंच म्हणणार आहे. कविता नाही.

तुमच्यापैकी कुणी ऐन तारुण्यात असं आजारानं घरी बसलं असेल, तर खरं सांगा, एवढं झाल्यावर माझ्या बोलावण्यावर तुम्ही आला असता का?