ट्रेप्टोच्या बागेतली प्रदक्षिणा

देवाशी माझं कधी भांडण नव्हतं, कारण मुळात ओळखच नव्हती. माझे वडील साताऱ्याला शाळेत विज्ञान शिकवायचे आणि आमच्या घरी देव फक्त लग्नपत्रिकेच्या माथ्यावर यायचा. लग्न होऊन सासरी आले तेव्हा देव्हाऱ्यातले खंडोबाचे टाक पाहून मी हात जोडले, पण पाहुण्यांना जोडतात तसे. पुढे ह्यांना जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही दोन खोल्यांचा संसार थाटला. तिथे देव्हारा नव्हता, कुणी विचारतही नव्हतं आणि मलाही त्याची उणीव भासत नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून मी पहिल्यापासूनच भाविक होते असं कुणाला वाटू नये.

बासष्टच्या उन्हाळ्यात सासूबाई बोटीने आमच्याकडे आल्या. नऊवारी लुगडं, वर ह्यांचा जुना ओव्हरकोट आणि जवळच्या ब्योब्लिंगेनच्या बाजारातून घेतलेले कापडी बूट अशा थाटात त्या फिरायला निघाल्या की रस्त्यावरची माणसं वळून पाहायची आणि त्याही त्यांना निवांत न्याहाळायच्या. आमची घरमालकीण पायऱ्या पुसायच्या पाळीवरून माझ्याशी वाद घालायची, पण सासूबाईंना मात्र सफरचंदाचा केक आणून द्यायची. एवढा मोठा प्रवास त्यांनी धाकट्या लेकाला भेटायला केला असं आम्ही धरून चाललो होतो. पण आल्यानंतर आठवडाभरात त्यांनी विचारलं, "सूनबाई, इटली हितनं किती लांब हाय गं?"

माझे मोठे दीर यशवंत महायुद्धात पलटणीबरोबर इटलीत गेले आणि तिथेच पडले. मी त्यांना फोटोतच पाहिलं होतं. गावी तार आली, माणूस आलं नाही, राखही आली नाही. भटजींनी दर्भाचा पुतळा करायला सांगितला आणि त्यालाच अग्नी देऊन सगळे विधी उरकले. सासूबाई त्यावर एकच वाक्य बोलायच्या, "पुतळ्याला जाळलं, माझ्या लेकराला न्हाई." त्यांना इटलीत कुठे जायचं होतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. इटलीचा व्हिसा, खर्च, भाषा, आणि जायचं तरी नेमकं कुठे, हे सगळं ह्यांनी समजावून सांगितलं. "आई, पुढच्या वर्षी बघू," असं म्हणून विषय संपवला. त्या 'बरं' म्हणाल्या. पण फोटो त्यांच्या कमरेच्या बटव्यातच होता, भंडाऱ्याच्या पुडीशेजारी.

इटलीला नेता येत नाही तर निदान बर्लिन तरी दाखवू, असा ह्यांचा विचार. स्टुटगार्टहून परदेशी लोकांसाठी एक बससहल निघायची. तीन जागा घेतल्या आणि आदल्या दिवशी ह्यांना कारखान्यातून सुट्टी नाकारली. "तू जा आईला घेऊन, तुला जर्मन येतंच की," असं हे म्हणाले. मला जर्मन येत होतं ते भाजीपुरतं आणि घरमालकिणीशी वाद घालण्यापुरतं. तरी गेले. बसमध्ये काही स्वीडिश जोडपी, दोन डच मास्तरणी आणि आम्ही दोघी. सासूबाईंनी पहिल्याच थांब्यावर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा फिरवला आणि बस जिंकली.

पश्चिम बर्लिन आम्ही सहलीतली माणसं पाहतात तसं पाहिलं, म्हणजे गाइडच्या छत्रीमागे धावत. बॉम्बने मोडलेल्या चर्चचा मनोरा तसाच उभा ठेवलेला पाहून सासूबाई म्हणाल्या, "पडलेलं दडवलं न्हाई, ह्ये बरं केलं." ब्रांडेनबुर्ग दरवाजा लाकडी मंचावर चढून लांबूनच पाहावा लागला, कारण मधे भिंत होती. ती उभी राहून फार दिवस झाले नव्हते. भिंतीवर काटेरी तारा चढवल्या होत्या. शेतात रानडुकरांसाठी लावतात तशी तार माणसांना कशाला, असं सासूबाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी बस पूर्वेकडे गेली. सीमेवर आमचा गाइड उतरला आणि तिकडची एक तरुण मुलगी चढली. तिने सगळ्यांचे पासपोर्ट आपल्या कातडी पिशवीत घेतले आणि बजावून सांगितलं, की जेवढी माणसं आत जातात तेवढीच बाहेर यायला हवीत, त्यामुळे कुणी गट सोडायचा नाही. "तर, कृपया माझ्या मागेच राहा." आवाज कडक होता, पण डोळे घाबरलेले होते. एक माणूस कमी झालं तर आधी जाब तिला द्यावा लागणार, हे कुणालाही कळलं असतं.

शेवटचा थांबा ट्रेप्टोच्या बागेतलं रशियन सैनिकांचं स्मारक. बागेत शिरल्यावर आधी एक दगडी आई आहे, मान खाली घालून बसलेली. तिच्यापासून झाडांची रुंद वाट निघते, दोन प्रचंड लाल दगडी झेंड्यांमधून खालच्या लांबच लांब पटांगणात उतरते आणि पलीकडच्या टोकाला हिरव्या टेकडीवर सैनिकाचा भलाथोरला पुतळा आहे, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातावर लहान मूल. गाइड म्हणाली, इथे हजारो सैनिक पुरले आहेत. मी सासूबाईंना तेवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "समदी पोरं घरापास्नं लांबच मेली न्हवं?" मी म्हटलं, हो. त्या दमल्यासारख्या दिसल्या म्हणून मी त्यांना म्हटलं, "आई, तुम्ही इथे या बाईपाशी टेका, मी टेकडीवर जाऊन लगेच येते." त्या दगडी आईच्या चौथऱ्यावर बसल्या. मी गटाबरोबर पुढे गेले.

परत आले तेव्हा चौथरा रिकामा होता. आधी वाटलं, बसकडे गेल्या असतील. बसमध्ये नव्हत्या. फाटकापाशी नव्हत्या. मी पुन्हा आत धावले, मधल्या वाटेने पटांगणात, तिथून टेकडीच्या पायऱ्यांवर, तिथून खाली. ऑक्टोबरची पानगळ सुरू होती, ओल्या पानांवरून दोनदा घसरले. रांगेने उभ्या दगडी चौथऱ्यांच्या मागे डोकावले, हाका मारल्या. एवढ्या मोठ्या जागेत माझं 'आई, आई' भलतंच बारीक वाटत होतं. एक माळी थांबला. त्याला सांगायला गेले तर शब्दच सुचेनात, "म्हातारी, लाल साडी, कोट" एवढंच आलं. त्याने मान हलवली. सासूबाईंचा पासपोर्ट गाइडच्या पिशवीत, त्यांना जर्मनचं अक्षर येत नाही, बस निघून गेली तर त्या भिंतीच्या या बाजूला आणि आम्ही त्या. थोरला लेक परदेशात गेला तो परत आला नाही, आणि आता त्याची आई मी हरवून बसले, हे मी ह्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते?

बसपाशी गाइड रडकुंडीला आली होती. ती म्हणाली, ठरलेल्या वेळेत सीमेवर पोचलो नाही तर चौकशी होईल, मी फार तर थोडा वेळ थांबू शकते. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं. मी पुन्हा आत पळाले, पण त्या दगडी आईपर्यंत पोचले आणि थांबले. धावून काय होणार होतं? जिथे पाहिलं नाही अशी जागा मला सुचत नव्हती. मी चौथऱ्याशी खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून देवाशी बोलले. शब्द काही सुंदर नव्हते. मी म्हटलं, "खंडोबा, तुझी माझी ओळख नाही. पण तुझी माणसं तूच सांभाळ. माझं सगळं करून झालं. मी इथे बसते."

आणि खाली बसले म्हणूनच मला दिसलं. चौथऱ्याच्या आडोशाला कापडी बुटांचा जोड होता, टाचा जुळवून नीट ठेवलेला, मोजे घड्या घालून आत खोचलेले. शेजारी दगडावर चिमूटभर भंडारा. मी तीन वेळा इथूनच पळत गेले होते आणि माझी नजर सारखी लांब होती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सासूबाई हरवल्या नव्हत्या, देवळात गेल्या होत्या. देवळात गेलेलं माणूस वहाणा काढतं आणि प्रदक्षिणा जिथून सुरू झाली तिथेच येऊन संपवतं. आता माझं काम एकच होतं, जे गावच्या जत्रेत लहान मुलींना देतात ते, वहाणा राखायचं. विचित्र वाटेल, पण बाहेर बस घुरघुरत असताना मी तिथे मांडी घालून स्वस्थ बसले. आता येतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती, आणि ती का उरली नव्हती याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

थोड्या वेळाने उजवीकडच्या झाडांआडून दोन बायका येताना दिसल्या. एक सासूबाई, ओल्या पानांवरून अनवाणी, पदर डोक्यावर. दुसरी त्यांच्याच वयाची जर्मन बाई, तपकिरी कोट, हातात बटाट्यांची जाळीची पिशवी. तिने सासूबाईंचा दंड धरला होता आणि दोघी बाजाराला जाऊन आल्यासारख्या सावकाश चालत होत्या. सगळ्या पटांगणाला बाहेरून, झाडांखालच्या वाटेने, टेकडीच्या मागून वळसा घालून त्या आल्या होत्या. मी मधून धावत होते आणि त्या कडेने चालत होत्या, म्हणून आमची गाठ पडली नव्हती.

सासूबाई आधी दगडी आईच्या पाया पडल्या, मग माझ्याकडे वळल्या. मी रागावणार होते, पण रडले. त्या बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "हो, हो, सगळं ठीक आहे," ती जर्मनमध्ये म्हणाली. ती जवळच राहत होती. तिचा मुलगा रशियात स्मोलेन्स्कच्या बाजूला मारला गेला, कुठे पुरला हे तिला कधी कळलं नाही. म्हणून बाजारातून येताना ती इथे एक फेरी घालायची. तिकडे रशियातही कुणाची तरी आई हिच्या मुलाजवळून अशीच जात असेल, असं तिला वाटायचं. "आज ही बाई अनवाणी चालताना दिसली," ती म्हणाली. "मी तिला थंडी वाजेल असं सांगायला गेले, तर तिने मला फोटो दाखवला. मग मीही माझ्या पाकिटातला दाखवला."

एवढ्यात गाइड धावत आली. सरकारी गाइडला पाहताच ती बाई पिशवी सावरून निघाली. सासूबाईंनी घाईघाईने कोटाच्या खिशातला शेंगदाण्याचा लाडू तिच्या हातावर ठेवला. प्रसाद म्हणजे काय हे तिला कोण सांगणार, पण तिने तो कपाळाशी नेला तसा मला वाटला. कदाचित नुसता डोळ्यांजवळ धरून पाहिला असेल. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

बस अजून उभी होती. ड्रायव्हर बॉनेट उघडून आत डोकावत होता आणि स्वच्छ फडक्याने स्वच्छ हात पुसत होता. गाइडला तो म्हणाला, "इंजिनात जरा बिघाड होता, आता झालं." मी मोटारवाल्याची बायको आहे. ते इंजिन इतकं सुरेख चाललेलं मी मघाशीच ऐकलं होतं. गाइडनेही ते ऐकलं असणार, पण 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', एवढंच बोलून तिने पिशवी मांडीवर घेतली. सीमेवर शिपायाने माणसं मोजली आणि ती बरोबर भरली.

बसमध्ये मी सासूबाईंचे गार पाय मांडीवर घेऊन चोळत बसले. म्हटलं, "आई, सांगून तरी जायचं. मी किती घाबरले." त्या म्हणाल्या, "मी कुठं हरवणार? पायताण हितंच हुतं की." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "जाताना तिच्या लेकाचं नाव घेतलं, येताना यशवंताचं. तिनंबी घेतलं. झालं आता." त्या रात्री त्या गाढ झोपल्या, आणि त्यानंतर इटली किती लांब हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

सासूबाई गावी परतल्या आणि काही वर्षांनी गेल्या. गावी निघताना त्यांनी बरोबर आणलेला खंडोबाचा एक टाक माझ्याकडे ठेवला होता. तो आमच्या दोन खोल्यांत खिडकीपाशी आहे आणि मी रोज त्याच्यापुढे दिवा लावते. त्या दिवशी जे घडलं तो चमत्कार होता असं मी कुणाला सांगत नाही. एक आई फेरी घालत होती, दुसरी तिच्यासोबत चालली, आणि एका ड्रायव्हरने बॉनेट उघडलं. पण हे सगळं मी धावत होते तेव्हाही चाललंच होतं, मला ते बसल्यावर दिसलं. माझ्या हातचं सगळं संपतं तेव्हा आजही मी तेच म्हणते, "तुझी माणसं तूच सांभाळ, मी इथे बसते." आणि मग वहाणा राखाव्यात तशी बसून राहते.

दिव्यात मी दोन वाती लावते. एक माझ्या थोरल्या दिरांची. दुसऱ्या मुलाचं नाव मला माहीत नाही, सासूबाईंना माहीत होतं.