मान हलवण्यापुरता फौजी

बार झाला आणि मी आडवा पडलो.

गोळी लागून नाही. सवयीनं. चिचगडच्या जंगलात हाका चालला होता. आम्ही गावची माणसं लांब ओळ धरून, डबे-थाळ्या बडवत जनावरांना मचाणाकडे रेटत होतो. माझ्या गळ्यात घासलेटचा रिकामा डबा, हातात दांडकं. मचाणावरून बार निघाला आणि पलटणीत बर्मा-काश्मीरची लढाई काढलेल्या माझ्या देहानं, मला न विचारता, जमीन धरली. तोंड नेमकं रानगव्याच्या शेणात. ताजं होतं.

आधी हसला तो माझ्या डाव्या हाताचा सोमा. त्याचा हक्क होता. आम्ही एकाच विहिरीचं पाणी पितो. शेण पुसून मीही हसायच्या बेतात होतो. तेवढ्यात मचाणावरून मालगुजारांचे पाहुणे, दिल्लीच्या लोकसभेतले मेंबरसाहेब बोलले.

"मालगुजार, हाच का तुमचा फौजी? हा तर बार ऐकूनच झोपला. म्हणून मी दिल्लीत सांगत असतो, इन लोगों पर खर्चा कम करो."

मालगुजार हसले. मालगुजारांचा मुनीम हसला. मग आमची ओळही हसली, कारण मालगुजार हसले होते. हे हसणं वेगळं होतं. मी उठलो आणि डबा बडवायला लागलो.

मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्यानं जाऊन वर्षं झाली होती. हाका गेला नव्हता. वाड्यावर बंदूकवाला पाहुणा उतरला की घरटी एक माणूस जंगलात. कोतवाल सांगायला यायचा, विचारायला नाही. मी पेन्शनीवर घरी बसलेला, चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस. पुतण्याला पाठवलं असतं तर चाललं असतं. पण बायकोनं मलाच पाठवलं.

तिचा धाकटा भाऊ तुळशीराम सुट्टीवर आला होता. तोही पलटणीत. उत्तरेच्या सरहद्दीवर, जिथं झाडसुद्धा उभं राहत नाही. आला तो लंगडत. बहिणीनं पाय धुवायला पाणी दिलं तर म्हणाला, राहू दे. तिनं राहू दिलं नाही. पायाला गुंडाळलेला कपडा सोडला. डाव्या पायाचं एक बोट नव्हतंच. बाकीची जांभळासारखी काळी. बर्फात कापडी बूट घालून पहारा केला होता त्यानं. गरम कोट दोघांत एक. पहाऱ्यावर जाणारा घालायचा, परत येणाऱ्याच्या अंगावरून काढून.

"बूट येणार आहेत म्हणतात, भाऊजी," तो मला म्हणाला. "मागच्या थंडीतही येणारच होते."

नेमबाजीचं विचारलं तर तो हसला. चांदमारीला गोळ्या इतक्या कमी, की एखादं रिकामं काडतूस हरवलं तर अख्खी तुकडी गवतात हात घालून शोधत बसते. बंदूक तीच, जी मी चालवली होती. कोण जाणे, माझीच असेल. तसं मी गमतीनं म्हणालो. तो हसला नाही.

बायको रोज मोहाच्या बियांचं तेल कोमट करून त्याच्या पायाला चोळायची. आणि मग कोतवाल सांगून गेला, की दिल्लीचे मेंबर शिकारीला येऊन राहिले, फौजेच्या खर्चाचं तेच पाहतात म्हणे.

"तुमीच जा जी," ती म्हणाली. "तुमी फौजेतले. तुमचं आयकंल तो. त्याले बुटाचं सांगा. बाकी काई नोका मांगू."

म्हणून मी जंगलात होतो. तोंडाला शेण लागलेला.

दुपारी पहिला हाका संपला. चितळ पडलं होतं. पाहुणे मोहाच्या झाडाखाली सतरंजीवर जेवायला बसले. आम्ही नाल्याच्या पलीकडे, आपापल्या फडक्यातल्या भाकरी घेऊन. जेवण झाल्यावर मेंबरसाहेबांनी बंदूक हातात घेतली. विलायती. वर दुर्बीण. हात बसावा म्हणून समोरच्या फांदीवर मडकं टांगायला लावलं आणि बार काढायला लागले. मडकं हललंसुद्धा नाही. रिकामी काडतुसं पालापाचोळ्यात उडत होती. बुटाचं सांगायला मी नाला ओलांडून आलो होतो; वाकलो आणि एक उचललं. मग दुसरं. मला कळलंच नाही. पलटणीत रिकामं काडतूस खाली राहू देत नाहीत, हात आपोआप जातो.

"उचल, उचल," मुनीम म्हणाला. "लेकरायले शिट्ट्या करून दे."

काडतुसं मुठीत धरून मी तसाच साहेबांपुढे गेलो. पाय जुळवले. सलाम ठोकला. पोट आत घेतलं, जमेल तेवढं.

"साहेब, माझा साळा सरहद्दीवर आहे. बर्फात. पायात कापडी बूट. एक बोट गेलं, बाकीची काळी पडली. चामड्याचे बूट पाहिजेत. त्याच्या सगळ्या तुकडीलाच पाहिजेत."

साहेब वाईट माणूस नव्हते. हेच मला अजून सलतं. त्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं, आजारी बैलाकडे पाहावं तसं.

"अरे बाबा, त्या बर्फात येणार कोण आहे? सगळे शेजारी आपले भाईबंद. लढाईचे दिवस गेले आता. आम्हाला धरणं बांधायची, कारखाने उभारायचे. आणि बुटांचं म्हणशील, तर आपला जवान चमड्यावर नाही चालत. जिगर पर चलता है."

सतरंजीवरची माणसं वा म्हणाली. सोमानं नाल्यापलीकडून मान खाली घातली. त्याच्या पायात काहीच नव्हतं. त्याला बहुतेक वाटलं, आपल्याबद्दलच बोलून राहिले.

मालगुजार मला बाजूला घेऊन गेले. खांद्यावर हात ठेवला. त्या हातानं माझ्या बापाला वेठीला धरलं होतं. खांद्यावर तो पहिल्यांदाच आला.

"हे पाह्य, उद्या सडक अर्जुनीले साहेबाची सभा आहे. लोकं सरहद्दीचं विचारून राहिले. तू वर्दी घालून ये. मेडलं लाव. स्टेजवर साहेबाच्या बाजूले उभा राय. साहेब म्हणतील, फौजेले काही कमी नाही. तू मान हलव. बोलायचं काहीच नाही, मान हलवायची, बस. तुह्या साळ्याची बदली करून देतील ते. पुण्याले, गोदामावर. बसल्या जागी नोकरी."

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. खरं सांगतो, माझी मान हलायलाच लागली होती. पुणं. गोदाम. बायकोचं तोंड डोळ्यांपुढे आलं. मी घरी जाऊन म्हणेन, घे, तुझा भाऊ बर्फातून काढला. पलटणीत मला एवढा मोठा पराक्रम कधी जमला नव्हता.

दुसरा हाका सुरू झाला. पुन्हा ओळ. पुन्हा डबे. डाव्या हाताला सोमा, उजव्या हाताला कुंभाराचा पोऱ्या. मी डबा बडवत होतो आणि मनात हिशोब चालला होता. तुळशीराम पुण्याला गेला तर त्याच्या जागी कोण? कुणीतरी जाईल. कुणाचा तरी भाऊ. पहाऱ्याची जागा रिकामी राहत नसते. बूट तेच, कापडी. त्याच्याही बोटांना कुणीतरी तेल चोळत बसेल. आणि उद्या स्टेजवर माझी मान हलली, की त्याचे बूट कायमचे गेले. सभेतली माणसं म्हणतील, फौजीच सांगून राहिला ना.

मी डबा गळ्यातून काढला. खाली ठेवला. आणि बसलो.

"काऊन बसला बे?" सोमा ओरडला. "उठ ना. जनावर वळून राहिलं इकडं."

"नाही उठत."

"वेडा झाला का?"

सांबर आलं. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेलं. त्याच्या अंगाचा वास आला. एवढी लांब ओळ, एवढा गोंगाट, आणि जिथं आवाज नव्हता नेमकं तिथून ते निघून गेलं. मचाणावर कुणीतरी शिवी दिली. साहेबांनी उगाच दोन बार हवेत काढले. या वेळी मी आडवा झालो नाही. आधीच बसलेला होतो.

मालगुजार धावत आले.

"कोणी तोडली ओळ?"

"मी तोडली."

"कायले?"

मी उभा राहिलो. गुडघे वाजले. साहेब मागून येत होते, त्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"मी सभेला येणार नाही. माझी मान हलणार नाही. साळ्याची बदली नको. त्याच्या जागी दुसऱ्याचा साळा जाईल, त्याच्याही पायात कापडच असेल. आणि आजपासून माझ्या घरचा माणूस हाक्याला येणार नाही. कोतवालाला पाठवू नका."

साहेब बंदूक नोकराकडे देऊन घाम पुसत राहिले. मालगुजार म्हणाले, "जंगलातून काडी आणून दाखव आता." केले त्यांनी हाल. खोटं सांगत नाही. त्या वर्षी आम्ही गोवऱ्यांवरच स्वयंपाक केला.

घरी येताना मला मालगुजारांची भीती नव्हती. बायकोची होती. तिचा भाऊ बर्फातून सुटत होता, आणि मी, तिचा नवरा, एक डबा खाली ठेवून त्याला पुन्हा बर्फात लोटून आलो होतो. हे कोणत्या तोंडानं सांगायचं? शेणाच्या, म्हणालो मनात.

ऊन उतरलं होतं. तुळशीराम अंगणात बाजेवर पाय पसरून पडला होता. ती त्याच्या पायाशी बसलेली. मी सगळं सांगितलं. पडलो तेही. मान हलायला लागली होती तेही. गोदामाचं सांगताना आवाज खाली गेला. तुळशीराम आभाळाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बरं केलं भाऊजी." आणि कुशीवर वळला.

ती तेलाची वाटी चुलीजवळ ठेवून आली. हात पदराला पुसले. मला वाटलं, आता रडेल. रडली असती तर मी मोडलो असतो, सकाळी उठून सभेला गेलो असतो, वर्दी घालून.

"मान हलवली असती," ती म्हणाली, "तं घरात घेतलं असतं तुमाले. जेवाले वाढलं नसतं." मग भावाच्या पायावरचं पांघरूण बाजूला सारलं. "उद्या आपण तिघंबी जाऊ सभेले. मी बी येतो. बंडी जुंपा. याले स्टेजच्या समोर बसवू, पाय उघडे ठेवून. मंग म्हणू द्या त्या मेंबराले, का फौजेले काई कमी नाही."