पारूआत्याच्या ओट्यावरचा चिखल

टोकावड्याच्या पुढे आमच्या पाड्यात पारूआत्याचा ओटा म्हणजे वेगळं सरकार. तिथे चिखलाच्या पायांना बंदी. एकदा तलाठीसाहेब कसल्याशा पाहणीला आले ते बुटांसकट वर चढले. आत्याने त्यांना खाली उतरवलं, बूट काढायला लावले आणि स्वतः तांब्याने पायांवर पाणी ओतलं. साहेब म्हणाले, "आत्या, देवळातसुद्धा इतकं नसतं."

"देवळात देवाला सारवाय लागत नाय," आत्या म्हणाली. "हितं मला लागतं."

या कायद्याखाली सर्वांत जास्त वर्षं काढली ती तिच्या मुलाने, जगनने. जगन चौतीस वर्षांचा, अंगाने आडदांड. बोलणं दोन-दोन शब्दांचं, आणि समज लहान मुलाची, असं आम्ही सगळे सहज म्हणायचो. भातरोपांच्या जुड्या खांद्यावरून वाहण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आवणीत, म्हणजे भातलावणीत, चार घरं त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवायची.

गेल्या आवणीत एका दुपारी कुंडलिकदादाच्या घरी सून भाविका एकटी होती. जगन त्यांच्याच शेतातून कमरेपर्यंत माखून आला, ओट्याशी थांबला आणि अंगावरचे सगळे कपडे काढून उभा राहिला. भाविका किंचाळली. घाबरली त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. शेतातून माणसं धावली. कोणी काही विचारलं नाही. एकाच्या हातात काठी होती, दुसऱ्याच्या हातात फावड्याचा दांडा. जगनचं मनगट मोडलं. रडत तो एकच म्हणत होता, "आये, पानी." तहान लागली असेल असं वाटूनही कोणी ते दिलं नाही.

संध्याकाळी समाजमंदिरात बैठक बसली.

"पारूवैनी," कुंडलिकदादा म्हणाला, "रेशनच्या दुकानापुढं असंच केलं तवा आमी हसलो. आता नाय. रविवारपर्यंत त्याला कुठल्या तरी आश्रमात टाका, नायतर मी पोलिसात जातो. माज्या घरात सून हाय."

भांडणात उभ्या जन्मात न हरलेली आत्या त्या दिवशी भांडलीच नाही. पोरगं बिघडलं, असंच तिलाही वाटलं होतं.

मुरबाडला प्लास्टर घालताना तिथल्या नर्सने नम्रताताईंचं नाव सांगितलं. अशा माणसांना शिकवणाऱ्या बाई. शुक्रवारी त्या एसटीने आल्या. आम्हाला वाटलं गोळ्या देतील. त्यांनी वही काढली. कधी झालं, कुठे झालं, त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं?

"आधी काय व्हनार?" आमचा शाम म्हणाला. "आधी कापडं अंगावर व्हती." कोणी हसलं नाही.

ताईंनी भाविकाला बाजूला बसवून विचारलं, "तुझ्याकडे बघत होता?"

भाविका विचारात पडली. "नाय. भिताडाकडं तोंड केलेलं. दोनी हात वर."

"हात वर?"

"हां. पोरं आंगोळीला करतात तसे."

मग ताईंनी विचारलं, रेशनच्या दुकानापुढे काय झालं होतं? ट्रॅक्टरने त्याच्या अंगावर चिखल उडवला होता.

ऐकता ऐकता आत्याने पदर तोंडात कोंबला. तिचं घर पाड्याच्या टोकाला, मागे नुसतं रान. मागच्या ओट्याशी काय चालतं ते कोणी पाहिलेलं नव्हतं. "मीच शिकवलंय," ती म्हणाली. "चिखल लागला का ओट्याशी थांबायचं. कापडं काढायची. भिताडाकडं तोंड, हात वर. मंग मी पानी वतते. इतकी वर्सं."

शनिवारी तिने हेच सगळ्या पाड्यापुढे सांगितलं. एवढ्या बाप्याला आई आंघोळ घालते म्हणून बायका तोंडाला पदर लावत होत्या. मागून कोणी ओरडलं, "मंग करून दाखवा!"

"तो तमाशा नाय," आत्या म्हणाली. "मारायचं तर मला मारा. शिकवलं मी."

कुंडलिकदादाने न पेटवलेली बिडी परत कानावर खोचली. मग म्हणाला, "येक आवणी बघतो."

आत्याच्या घराच्या मागे पत्र्याची मोरी उभी राहिली, तिला लाल पडदा. चिखल लागला की कपडे अंगावर ठेवून सरळ पडद्याआड जायचं, पाणी आपलं आपण ओतायचं. "आत्या, तुम्ही बाहेर थांबायचं," ताई म्हणाल्या. "तो लहान नाही, चौतीस वर्षांचा आहे. शिकायला वेळ लागतो इतकंच. आत थोडा वेळ एकटा राहिला तर हाका मारायच्या नाहीत. पडद्याआड आहे ना, मग ते त्याचं त्याला." आत्या लाजून लाल झाली, पण तिने मान हलवली. सगळ्या पाड्याला एकच वाक्य शिकवलं: "जगन, लाल पडदा." भाविकानेही ते म्हणून दाखवलं. एका हाताने तांब्या धरत जगन दीड महिन्यात शिकला. त्यानंतर एकदाही चुकला नाही.

यंदा आवणी आली. जगनला कोणी बोलावलं नाही.

"राग नाय वैनी," कुंडलिकदादा वाटेत थांबून म्हणाला. "पन नको."

जगन सकाळी जुनी चड्डी घालून ओट्यावर बसायचा आणि दुसऱ्यांच्या खांद्यावरून जाणाऱ्या जुड्या बघायचा. मनगट वाकडंच राहिलं. आणि त्याने आंघोळ सोडली. एरवी तो सकाळी करायचा, आवणीत मात्र चिखलानंतरच. पडदा दाखवला की तो आपले कोरडे पाय दाखवायचा. चिखल नाही तर पडदा कशाला? शिकवलं तसंच तो वागत होता.

चौथ्या दिवशी आत्याने घमेल्यात माती कालवली. ओट्यावर बसून त्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत फासली, पोटरीला जरा जास्त लावली, शेतात लागते तशी. मग पाठ फिरवून म्हणाली, "जगन, लाल पडदा."

तो हसत उठला आणि सारवलेल्या ओट्यावरून पावलं उमटवत मागे गेला. पाण्याचा आवाज येईपर्यंत आत्या तिथेच बसली. मग शेण आणायला उठली.